पितृपक्षातला सेल

आमच्या दाराबाहेर, चपलांच्या मांडणीवर, गेले कितीतरी दिवस एक खोकं पडून आहे. सून मृणालनं फोनवरून मागवलेला कुडता आहे त्यात. मागवला तेव्हा घरात गणपती होते, आला तेव्हा पितृपक्ष लागला होता. मुलगा म्हणाला, आता नवरात्रातच उघड. ती बरं म्हणाली आणि खोकं उंबऱ्याच्या बाहेर ठेवून मोकळी झाली. घरात आणलं नाही म्हणजे घेतलं नाही, असा साधा हिशेब. जाता-येता त्या खोक्याकडे बघून मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. हसू येतं, कारण हाच हिशेब मी एकदा तीन मजली दुकानात घालून पाहिला आहे. रागाचं कारण सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

लोणावळ्याचा सप्टेंबर बाहेरून येणाऱ्यांना माहीतच नसतो. ते जुलैत येतात, धरणाच्या पायऱ्यांवर भिजतात, कणसं खातात आणि जातात. त्यांच्यामागे आम्ही उरतो आणि आमचा ओलावा उरतो. पाऊस ओसरलेला असतो, पण भिंती ते कबूल करत नाहीत. टॉवेल वाळत नाहीत, आगकाड्या पेटत नाहीत, मीठ बरणीला चिकटून बसतं. कपाट उघडलं की वास येतो. डांबरगोळी, बुरशी आणि जुनं लाकूड यांचा मिळून झालेला तो वास मला आजही कुठं आला की मी मनानं थेट बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात जाऊन उभी राहते.

आमचं म्हणजे माझं नव्हे. मी तिथं नोकरीला होते. चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत ते एकच कापडाचं आणि भांड्यांचं दुकान होतं. खाली भांडी, कुकर, इस्त्र्या, चादरी, पहिल्या मजल्यावर शर्ट-पँटी आणि शाळेचे गणवेश, दुसऱ्यावर साड्या, आणि तिसऱ्यावर गोदाम. साड्यांचा मजला माझ्याकडे होता. मी लागले तेव्हा मुलगा शाळेत जायचा, आणि दुकान मिटलं तेव्हा तो स्वतः नोकरीला लागलेला होता, यावरून किती वर्षं झाली ते समजा. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो.

त्या ओलाव्यात साड्या जपणं हे मोठं काम होतं. मांडणीच्या खालच्या कप्प्यात आम्ही पिवळे दिवे लावून ठेवायचो, दिवसभर. त्यांच्या उबेनं कापड कोरडं राहायचं. गिऱ्हाइकानं वरची एखादी साडी उलगडायला घेतली की ती हाताला कोमट लागायची. कितीतरी बायका नुसत्या त्या उबेसाठी साडीवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. बाहेर धुकं, शेजारच्या भट्टीतून येणारा गुळाचा वास, दाराशी पिंपात ठेवलेल्या छत्र्यांमधून ठिबकणारं पाणी, आणि आत हाताखाली कोमट सुती कापड. त्यांना घ्यायची नसायची. मला ते कळायचं आणि मी त्यांना हटकायची नाही.

मंदी आली ती मला वर्तमानपत्रातून कळली नाही. मंगळवारी भर दुपारी दुकानात पुरुष दिसायला लागले, तेव्हा कळली. एरवी मधल्या वारी दुपारी पुरुष येत नसत. आता बायकोच्या मागं पिशवी धरून ते जिना चढायचे. तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावाकडच्या कारखान्यांमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनतात. त्या वर्षी गाड्याच खपेनात, म्हणून कारखाने आठवड्यातले काही दिवस बंद राहायला लागले. कायम नोकरीवाले घरी बसून पगाराची काळजी करत होते आणि कंत्राटावरच्या पोरांना सरळ ब्रेक दिला होता, म्हणजे काम बंद करून घरी पाठवलं होतं. ब्रेक हा शब्द कसा, दोन घटका विश्रांती घ्या म्हटल्यासारखा. ती माणसं खालच्या मजल्यावर मिक्सरची बटणं दाबून बघायची, किंमत विचारायची आणि मिक्सर होता तसा, बटणाची बाजू समोर करून, परत ठेवायची.

तेव्हा काय खपत होतं सांगते. कुकर खपत नव्हते, पण कुकरच्या रिंगा आणून ठेवल्या की संपायच्या. नव्या पातेल्यांवर धूळ होती, जुन्या कढयांना कान लावून मिळतात का अशी विचारणा होती. शर्ट पडून होते, पण कॉलर उलटवून देणारा शिंपी कुठं बसतो हे लोक आमच्याचकडे विचारायचे. चादरींत गडद रंग तेवढे जायचे. मंदीत माणूस पांढरं घेत नाही. आणि डोंगरावरच्या बंगल्यांतल्या बाया, ज्यांचे पडदे दर वर्षी आमच्याकडून जायचे, त्या आता स्वतः न येता ड्रायव्हरला पाठवायच्या आणि सेल कधी लावणार असं फोनवर विचारायच्या.

सेल या शब्दाभोवती फार नाकं मुरडली जातात. ज्यांना सेलची गरज नसते ते सेलमध्ये घेतलेलं मिरवून सांगतात, बघ कसं स्वस्तात पटकावलं म्हणून. ज्यांना गरज असते ते लपवतात. आमच्या कापडी पिशवीवर त्या वर्षी 'महासेल' असं लाल अक्षरात छापलं होतं. गावातल्या चांगल्या घरच्या बायका ती पिशवी उलटी करून न्यायच्या, अक्षरं आत आणि शिवण बाहेर. मला त्याची चीड यायची. अर्ध्या किमतीत चादर घेतली म्हणून झोप काय अर्धी लागते? पण मी कुणाला बोलायची नाही, पिशवी उलटी करून द्यायची. पुढे पुढे त्यांनी न सांगताच द्यायला लागले.

तर त्या वर्षी गणपती कोरडे गेले. पावसाच्या नव्हे, विक्रीच्या बाजूनं. पुढे पितृपक्ष. कापडाच्या धंद्यात पितृपक्ष म्हणजे माश्या मारायचे दिवस. नवं कापड घ्यायचं नाही, घरात आणायचं नाही, अंगाला लावायचं नाही. पितरं घरी आलेली असतात, त्यांच्या दिवसांत नवलाई नको, असं सगळे मानतात. दर वर्षी आम्ही त्या पंधरवड्यात मांडण्या पुसायचो आणि दुपारी डुलक्या काढायचो. पण भाऊंना तेवढा धीर उरला नव्हता. कापडाच्या पेढ्यांचा उधारीसाठी तगादा होता. एका सकाळी आम्ही पोहोचलो तर दुकानावर फलक लागलेला: पितृपक्षातही सेल, सर्व मालावर अर्धी सूट. 'पितृपक्षातही' मधला तो 'ही' रंगाऱ्याला भाऊंनी मुद्दाम घालायला लावला होता. मला तो शब्द फार आवडला.

गावाला आवडला नाही. येणारे-जाणारे फलकाखाली थांबून वाचायचे आणि मान हलवून पुढं जायचे. शेजारचे चिक्कीवाले भाऊंना म्हणाले की धंदा गेला तर परत येतो, पितर रुसले तर येत नाहीत. आमच्यातलीच शोभा, जी माझ्याबरोबर साड्यांवर होती, पहिल्या दिवशी देवाला हात जोडून मगच जिना चढली. पहिले काही दिवस कुणीही आलं नाही. दिव्यांनी कोमट केलेल्या साड्या आणि त्यांच्यासमोर आम्ही दोघी.

मग एका दुपारी हिराबाई आल्या. कान्हे गावच्या. स्टेशनवरून चालत आल्या होत्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. पन्नाशी उलटलेली बाई, घरची शेती असलेली. मुलगा नवलाख उंबऱ्याला कंत्राटावर होता, त्याला ब्रेक मिळालेला. त्या पावसाळ्यात हिराबाई दुसऱ्यांच्या खाचरांत भातलावणीला गेल्या होत्या, रोजानं. स्वतःचं रान असलेल्या घरातल्या बाईनं दुसऱ्याच्या चिखलात उतरणं त्यांच्याकडे कमीपणाचं समजतात. त्यांचे थोरले दीर, घरातले आबा, यावरून रागावलेही होते. पण त्या गेल्या. हे सगळं त्यांनी मला नंतर हळूहळू सांगितलं. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं की सुती आहे का, नऊवारीत.

मी ओळखीच्या सुरात विचारलं, आहेराला का? गावाकडच्या बायका सेलमध्ये आहेराच्याच साड्या घ्यायच्या. आहेराच्या साड्यांचं एक वेगळंच जग आहे. त्या नेसण्यासाठी नसतातच. लग्नात एका घरी मिळाली की पिशवीसकट कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी. एकदा एक बाई माझ्याकडे साडी बदलून घ्यायला आली, तर तीच साडी मी कधीतरी तिच्याच नणंदेला विकलेली. घडीही मोडलेली नव्हती. किती घरं फिरून आली असेल कोण जाणे. बायका जन्मभर एकमेकींना साड्या देत असतात, आणि त्यात कुणाचीच आवड नसते.

हिराबाई म्हणाल्या, "न्हाई. मला."

मग त्यांनी सांगितलं की लग्नातला शालू सासऱ्यांनी आणलेला, त्यानंतरच्या सगळ्या आहेराच्या. आजवर एकही साडी त्यांनी स्वतः दुकानात बसून, उलगडून, ही नको ती दाखवा असं म्हणून घेतलेली नव्हती. मी शहाणपणा न करता गादीवर बसायची जागा करून दिली आणि साड्या काढायला लागले. त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. मी काढत गेले, त्या नको म्हणत गेल्या. काय सुख होतं त्यांना त्या नको म्हणण्याचं. लाल नको, लय झाल्या. हिरवी नको, समदे हिरवीच देत्यात. शोभानं चहा आणला. शेवटी खालच्या कप्प्यातली, दिव्याजवळची एक साडी निघाली. वांगी रंग, मोरपंखी काठ. घडीच्या रेषेवर रंग किंचित उडालेला होता. तो मी दाखवला, कारण दाखवायला हवा होता.

त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मीबी काय कोरी न्हाई."

साडी ठरली. पण न्यायची कशी? घरी नवं कापड नेलं तर आबा उंबऱ्यातच अडवणार. आणि नवरात्रापर्यंत थांबलं तर सेल संपणार, अर्धी किंमत संपणार. पैसे दिले तरी घेतलं असंच होतं, म्हणून पैसेही आता द्यायचे नव्हते. त्या बराच वेळ साडी मांडीवर घेऊन बसल्या. मग त्यांनी अंगावरच्या जुन्या साडीचा पदर हातात घेतला, फाटलेल्या कडेला दात लावून एक लांब चिंधी काढली आणि नव्या साडीच्या घडीला घट्ट बांधली.

"जुनं बांधलं," त्या म्हणाल्या. "आता हिला नवी कोन म्हनंल? ऱ्हाऊ दे हितंच. घट बसले की नेते."

मी भाऊंना विचारलं. भाऊ त्या दिवशी विक्रीचा विषय निघाला म्हणूनच इतके खूश झाले की ठेव म्हणाले. मी ती साडी तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली, तिथंही एक दिवा लावला.

बायकांमध्ये बातमी कशी पसरते हे मला विचारू नका, मी बाई असून मला कळलेलं नाही. दोन दिवसांत कान्ह्याच्या आणखी काही जणी आल्या. मग कामशेतच्या. मग लोणावळ्यातल्याच, पिशव्या उलट्या करून नेणाऱ्या. सगळ्या येताना काहीतरी जुनं घेऊन यायच्या. कुणी पदराची कड, कुणी पोराच्या झबल्याची पट्टी, एकीनं नवऱ्याच्या कारखान्यातल्या निळ्या शर्टाचा तुकडा आणला होता. साडी निवडायची, चादर निवडायची, एकीनं तर इस्त्री निवडली, आणि चिंधी बांधून ठेवून जायचं. नावं लिहायची गरज पडली नाही. आपली चिंधी कुठली बाई विसरते? कुणीतरी त्या गोदामाला माहेर म्हणायला सुरुवात केली. माझी साडी माहेरी आहे, असं एकमेकींना सांगायच्या आणि हसायच्या. मंदी घरात घुसून बसली होती, नवरे दिवसभर खाटेवर होते, आणि या बायका जिन्यात हसत होत्या. त्या हसण्यात काय ताकद होती ते बाकीच्यांना कळलं नसेल, मला कळलं. कारखाना बंद झाला म्हणून मी आवडनिवड सोडायची का, असं त्या विचारत होत्या.

हिराबाई अधूनमधून यायच्या. काही काम नसायचं. वर जायच्या, आपली साडी बघायच्या, दिव्याची ऊब लागते ना एवढं हात लावून बघायच्या आणि बाजारहाट करून परत जायच्या. आबांच्या कानावर सेलची गोष्ट गेली होती. ते म्हणाले होते, सेल लागू दे न्हाईतर फुकट वाटू दे, पितराच्या दिवसांत आपल्या घरात चिंधी यायची न्हाई. हे सांगताना हिराबाईंना हसू आवरेना. चिंधी हितं हाय की, म्हणाल्या.

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी दुकानासमोर ट्रक येऊन उभा राहिला. लॉटवाला आला होता. उरलेला माल एकगठ्ठा उचलणारे हे व्यापारी असतात. दुकान अडचणीत आलं की त्यांना बरोबर वास लागतो. भाऊंनी त्याला बोलावलं होतं. त्याला नवरात्राच्या बाजारात माल विकायचा होता, म्हणून आजच न्यायचा होता, आणि तिसरा मजला अख्खा हवा होता. निवडून नाही. भाऊ वाईट माणूस नव्हते, हे मला इथं स्पष्ट सांगायचं आहे. ते घाबरलेले होते. त्यांनी मला खाली बोलावून हळू आवाजात सांगितलं की वरचं सगळं खाली येऊ दे.

मी म्हटलं, वरचं विकलं गेलंय. उद्या घटस्थापना, उद्यापासून बायका न्यायला येतील.

"विकलं गेलंय तर पैसे कुठं आलेत?" भाऊंनी विचारलं.

"पैसे नाही आले भाऊ. चिंध्या आल्यात."

हमाल आत आले. मी जिना चढायला लागले आणि मधेच बसले. ठरवून बसले नाही. पण बसल्यावर लक्षात आलं की जिना फार अरुंद आहे. माझ्या एका पायरीखाली शोभा येऊन बसली, पदर खोचून. तिच्याखाली कुकरच्या काउंटरवरची मुलगी. आम्ही घोषणा वगैरे काही दिल्या नाहीत. शोभानं डबा उघडला आणि आम्ही सर्वपित्रीचे वडे खाल्ले. हमालांपैकी एकजण हसला आणि बाहेर जाऊन बिडी पेटवून उभा राहिला. ट्रकमागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. नोकरी गेली तर काय, हा विचार माझ्या मनात आला. मुलाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण त्या चिंध्यांना मी हात लावू देणार नव्हते. माझ्या भरवशावर बायका आपलं फाटकं दाखवून गेल्या होत्या. उलट्या पिशव्यावाल्यासुद्धा.

तेवढ्यात दारात हिराबाई आल्या. सकाळपासून घरी पितरांचा स्वयंपाक करून, सगळ्यांना वाढून, हात धुऊन निघाल्या होत्या. उद्या घरी घट बसवायचे, तेव्हा यायला होणार नाही, परवा येते, हे सांगायला. पिंपात छत्री टाकत त्यांनी ट्रक पाहिला, हमाल पाहिले, जिन्यात बसलेल्या आम्ही तिघी पाहिल्या. भाऊंनी त्यांना खोटं सांगितलं नाही. म्हणाले, मावशी, परवा माल नसेल बहुतेक.

हिराबाई जिन्यापाशी आल्या. मला म्हणाल्या, उठ गं जरा, वर जाऊ दे. त्यांच्यासाठी मी उठले आणि मागोमाग वर गेले. इतक्या ढिगात त्यांनी आपली चिंधी लांबूनच ओळखली. गाठ सोडली, साडी काखेत घेतली आणि विचारलं, नेसायला आडोसा कुठं हाय?

मी म्हटलं, "मावशी, आज अमावास्या आहे."

"म्हाईत हाय की. सकाळधरनं खीर-वडंच करतीय." त्या पडद्याआड गेल्या आणि तिथून बोलत राहिल्या. "आज समदी येत्यात म्हन्त्यात. आमच्या सासूबाईबी आल्या असतील. जल्मभर आहेराची नेसली त्यांनी. सरणावर गेल्या त्याबी आहेराच्याच साडीत, घडी मोडून. एकदा मला म्हनल्या व्हत्या, हिरे, मला वांगी रंग लय आवडायचा, पर कुनी दिलाच न्हाई." पडद्याच्या कडा थोडा वेळ हलत राहिल्या. "त्या मला रागावतील व्हय गं? बघू दे की त्यांना आज."

पडदा सरकवून त्या बाहेर आल्या. घडीची ती उडालेली रेष बरोबर पदरावर आली होती, सगळ्यांना दिसेल अशी. जुनी साडी त्यांनी 'महासेल'च्या पिशवीत घातली. अक्षरं बाहेर.

त्या तशाच जिना उतरल्या. शोभा आणि ती मुलगी भिंतीला चिकटून बसल्या, हमालांनी आपोआप वाट दिली. गल्ल्यापाशी उभं राहून हिराबाईंनी कनवटीचे पैसे काढले आणि भाऊंसमोर ठेवले. म्हणाल्या, "माजी नेली. बाकीच्यांची उद्यापातुर ठेवा. त्या येतील. चिंधी बांधून कुनी टाकून जात न्हाई."

मग छत्री घेऊन त्या बाजारपेठेतून स्टेशनकडे निघाल्या. सर्वपित्री अमावास्येला, भर दुपारी, कोरी साडी नेसून. चिक्कीवाले दुकानाबाहेर येऊन बघत होते. भाऊही बघत होते. मग त्यांनी लॉटवाल्याला सांगितलं की पडदे आणि शर्ट घेऊन जा, वरच्या मजल्याचं जमणार नाही. तो चिडला, त्यानं भाव पाडला, आणि पडदे-शर्ट घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. फुलं घ्यायला बाहेर पडल्या होत्या, तशाच आल्या. प्रत्येकीनं आपली चिंधी शोधली. काहीजणी आल्या नाहीत, तेही सांगायला हवं. त्यांच्या घरी काय झालं असेल याची कल्पना करता येते. त्यांचं सामान आम्ही दिवाळीपर्यंत ठेवलं आणि मग मांडणीवर लावलं. त्या चिंध्या सोडताना मला वाईट वाटलं. त्या सेलमुळे दुकान वाचलं, असंही मी म्हणणार नाही. पुढं साथ आली, गाव बंद झालं आणि दुकानही मिटलं. आता तिथं तंदूर चहाचं दुकान आहे, लोक जिन्यात उभे राहून फोटो काढतात. त्या जिन्यात कुणी कधी अडून बसलं होतं हे त्यांना कुठून माहीत असणार.

हिराबाई दिवाळीत भेटल्या, तीच साडी नेसून. मी विचारलं, आबा काय म्हणाले? त्या म्हणाल्या, "काय म्हन्नार. वाढलं, जेवले."

हे सगळं आज पुन्हा आठवायचं कारण ते खोकं. मृणाल नोकरी करते, स्वतः कमावते, स्वतः निवडते, आणि तरी स्वतःच निवडलेलं चपलांजवळ ठेवते. हा तो राग. हिराबाईंनी चिंधी बांधली ती वाट काढायला. आमच्या खोक्याला वाट कुठली, ते नुसतं बसून आहे, चपलांच्या संगतीला. आज सर्वपित्री. सकाळी खीर उकळत होती, वडे तळून झाले होते, मुलगा गच्चीवर पान नेऊन ठेवायची तयारी करत होता. मी दार उघडलं, खोकं उचललं आणि स्वयंपाकघरात मृणालच्या हातात दिलं.

"उघड," मी म्हटलं. "आणि हाच घालून पान ठेवायला जा."

मुलानं तोंड उघडलं होतं, पण माझ्याकडे बघून मिटलं. मृणाल म्हणाली, आई, आजच्या दिवशी, आजींना चालेल? माझ्या सासूबाईंना ती आजी म्हणते, तिनं त्यांना फोटोतच पाहिलंय. मी म्हटलं, चालेल की नाही ते त्यांनाच बघू दे.

कुडता वांगी रंगाचा नव्हता. गोष्टीत तसा असता तर बरं वाटलं असतं, पण पिवळा होता, भडक, हळदीसारखा. तो घालून ती गच्चीवर गेली आणि पान कठड्यावर ठेवून दोन पावलं मागं सरली. मुलगा जिन्याच्या तोंडाशी हात बांधून उभा होता. ढग उतरले होते आणि समोरचा डोंगर दिसत नव्हता. जरा वेळानं कावळा आला. कठड्यावर बसला, मान वाकडी करून इकडंतिकडं पाहिलं, पिवळ्या कुडत्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, वडा उचलला आणि उडून गेला.